सात घरांची सोंड

आमच्या ढाळजेत शिरलं की डाव्या भिंतीला तीन खुंट्या होत्या. पहिलीला कंदील, दुसरीला बैलांच्या घुंगरमाळा आणि तिसरीला नानांची सोंड. पितळेची, लांबलचक, दोन ठिकाणी चेपलेली. आम्हा लेकरांना तिला हात लावायची बंदी होती, म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी मोठी माणसं आडवी झाली की आमचं पहिलं काम तेच. आतली नळी सर्रकन बाहेर यायची आणि कुणाच्या तरी कपाळावर बसायची. माझ्या डाव्या भुवईवर अजून खूण आहे. परवा नातीनं विचारलं, तर मी सांगितलं, हत्तीनं मारलं.

तिचं खरं नाव ट्रॉम्बोन, हे मला औरंगाबादला कॉलेजात गेल्यावर कळलं. वडगावात तिला सोंडच म्हणत. (कागदोपत्री आमचं गाव युसूफ वडगाव. आम्ही नुसतं वडगाव म्हणतो. पण केजच्या पुढं गेलं की युसूफ जोडावा लागतो, कारण मराठवाड्यात वडगावं पैशाला पासरी.)

नाना म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. बुटके, काळेसावळे, वरच्या ओठाच्या मधोमध एक घट्टा. तो घट्टा सोंडेनं दिलेला. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या म्हाताऱ्यांना तो असतोच.

आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. आंबेजोगाईला मोमिनाबाद म्हणत, आणि तिथं एकेकाळी घोडदळाची छावणी होती. आमच्या भागातली बँडची जुनी पितळी वाद्यं त्या छावणीतूनच बाहेर पडली असं आजोबा सांगत. खरं असेल किंवा नसेलही. आजोबांच्या मते तर उसाच्या रसाची चरकीसुद्धा छावणीतूनच आलेली. पण रझाकारांचा काळ मात्र त्यांनी सांगितला तसाच इतरांच्या घरीही ऐकला. माणसं रातोरात निघायची. मांजरा ओलांडून कळंब, तिथून येरमाळा, तिथून बार्शी. बार्शी इंग्रजी मुलखात. इंग्रज जाऊन वर्ष होत आलेलं, तरी आमची माणसं त्या बाजूला इंग्रजी मुलूखच म्हणायची. १९४८ साली नाना असेच निघाले, वय चौदा-पंधरा. पाठीवर धडप्यात बांधलेल्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि कनवटीला सात हाली रुपये. बार्शीत त्याचे सहा कलदार झाले. निजामाचे सात म्हणजे सरकारी सहा, हा भाव नाना मरेपर्यंत विसरले नाहीत. एक रुपया कुठं गेला, हे त्यांना कधी पटलंच नाही.

बार्शीहून अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट कुर्डुवाडीपर्यंत, आणि पुढं मुंबईची मोठी गाडी. गिरणीत कुणी भाऊबंद होता, त्याच्याकडं चार दिवस काढून नाना लागले ते धोबीतलावावर एका इराण्याकडं, पोऱ्या म्हणून. प्रिन्सेस स्ट्रीटवर आल्फ्रेड नावाचा इराणी होता आणि गोवेकर वादकांचा सकाळचा अड्डा तिथंच असे. नाना त्या आल्फ्रेडमध्येच होते, की शेजारच्या दुसऱ्या एखाद्या इराण्याकडं, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मी आल्फ्रेडच्या पक्षातला.

धोबीतलाव म्हणजे तेव्हा निम्मं गोवाच. तिथं गोव्यातल्या गावागावांच्या कुडी होत्या. एकेका गावाची माणसं एकेका कुडीत. बोटीवरचे खलाशी, आचारी, वादक, सगळे आपापल्या पेटीशेजारी पथारी टाकून. संध्याकाळी तिथं एकत्र प्रार्थना चाले. नानांना त्याचं फार अप्रूप. म्हणायचे, "आपल्याकडं हरिपाठ, तिकडं त्यांचा. पन सुरात म्हनत्यात रे. एकबी बेसूर न्हाई." सुरात म्हणणारच. पोर्तुगीजांच्या राज्यात चर्चच्या शाळांतून पोरांना अक्षरांबरोबर स्वरलिपी शिकवायचे, हातात व्हायोलिन द्यायचे. गोव्याच्या खेड्यातलं पोरगं पाच ओळींवरचे काळे ठिपके बघून धून वाजवायचं. नाना त्या कागदांना मुंग्यांची रांग म्हणायचे. "बाबा मुंग्या बघायचा आन् वाजवायचा."

बाबा म्हणजे नानांचे गुरू. एक उतारवयाचे गोवेकर, सोंड वाजवणारे. त्यांचं नाव नानांनी कधी सांगितलं नाही. गुरूचं नाव घेऊ नये असा त्यांचा समज होता, किंवा विसरले असतील. सकाळी दहाच्या सुमारास बाबा यायचे, ब्रून मस्का आणि पानी कम चाय मागायचे आणि पेटी पायाशी ठेवून बसायचे. कशाची वाट बघत बसायचे, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

१९३५ साली मुंबईच्या ताजमध्ये लिऑन ॲबी नावाचा अमेरिकेतला काळा व्हायोलिनवाला आपला ताफा घेऊन आला. तोवर साहेब लोक मुंबईत नाचत, पण ते विलायती नेमस्त नाचगाणं. हे वाजवणं वेगळं होतं. कवायतीचा बँड पाय उचलायला लावतो, हा कमरेला हलवतो. मग टेडी वेदरफर्ड आला, पियानोवाला. तो तर इकडचाच होऊन गेला आणि १९४५ मध्ये कलकत्त्याला पटकीनं वारला. या लोकांना ऐकत, त्यांच्या शेजारी बसून वाजवत गोव्याची पोरं तयार झाली. मिकी कोरियानं १९३९ पासून वीसेक वर्षं ताजचा बँड सांभाळला. आणि सगळ्यांत चमकला तो चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, बार्देशातल्या हळदोण्याचा, जन्म १९१६ चा. ट्रम्पेट वाजवायचा, लुई आर्मस्ट्राँगसारखा घोगऱ्या आवाजात गायचा, त्याच्यासारखाच रुमाल बाळगायचा. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत.

नानांनी चिकला पाहिला होता का? त्यांच्या म्हणण्याप्रमाणं रोज. आजोबांच्या म्हणण्याप्रमाणं एकदा, आणि तेही ट्राममधून.

मग आली दारूबंदी. १९५० मध्ये मुंबई इलाखा कोरडा झाला. परवान्याशिवाय घोट नाही. हॉटेलांतल्या नाचाच्या फळ्या ओस पडायला लागल्या. जिथं दहा-बारा वादक बसायचे, तिथं चौघांवर भागवायला लागले. नानांचा यावर एक ठाम सिद्धांत होता आणि तो ते लग्नाच्या मांडवात, एसटीत, कुठंही सांगत: "मोरारजीभाईंनी दारू बंद केली, म्हनून शिनिमाला बाजा मिळाला." माणूस सातवी नापास, पण मला तरी या सिद्धांतात खोट सापडलेली नाही. रात्रीचं काम आटलं तशी ही मंडळी दिवसा सिनेमाच्या स्टुडिओकडं वळली. काही आधीपासून जातच होती. आता रांग लागली. सकाळी इराण्याकडं पेटी घेऊन बसायचं. कुणीतरी संगीत दिग्दर्शकाचा माणूस येणार: "आज चार व्हायोलिन, दोन ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन." ज्याचं नाव निघालं तो उठला. ज्याचं निघालं नाही त्यानं दुसरा चहा मागवला. बाबा बहुधा दुसरा चहा मागवणाऱ्यांतले होते. नाहीतर एका पोऱ्याला सोंड शिकवायला त्यांना वेळ कुठला?

इथं आपला माणूस येतो. सी. रामचंद्र. रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, जन्म १९१८ चा. नानांना त्यांचा असा अभिमान की जणू पुणतांबा केज तालुक्यातच आहे. पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांकडं गाणं शिकलेला हा माणूस. पण त्याच्या कानाला विलायती बाजाचं वावडं नव्हतं. चिक चॉकलेटसारखे लोक त्यांनी हाताशी धरले. दिग्दर्शकानं पेटीवर चाल बांधायची, आणि गोवेकर अरेंजरनं ती मुंग्यांच्या रांगेत उतरवून प्रत्येक वाद्याला वाटून द्यायची, असा तो कारखाना. तसले अरेंजर बरेच झाले. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनकडं, ओ. पी. नय्यरांकडं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. प्यारेलालना त्यांनी व्हायोलिन शिकवलं, आणि पुढं १९७७ च्या सिनेमात शिष्यानं त्यांचं नाव गाण्यात घालून घराघरांत पोचवलं. बाकीच्यांची नावं तबकडीवर नसत, पडद्यावर नसत. संगीत: अमुक. बस. मागं पन्नास माणसं फुंकतायत, ओढतायत, घासतायत, त्यांचा हिशेब रोखीत आणि विषय संपला.

सोंडेला बटणं नसतात. बाजाच्या पेटीला पट्ट्या, सनईला भोकं. हिला काहीच नाही. नुसती आत-बाहेर सरकणारी नळी. नळी जवळ घेतली की सूर वर, लांब ढकलली की खाली, आणि मधे सात ठिकाणं. बाबांनी नानांना ती सात घरं म्हणून शिकवली. पहिलं घर ओठाशी, सातवं हात पार ताणून. खुणा कुठं नाहीत. अंधारात आपल्याच वाड्याचा उंबरा पायाला कळावा तसं ते घर हाताला कळावं लागतं. नाना बुटके, हात आखूड. सातवं घर काही गाठेना. खांदा पुढं टाकून, कमरेत वाकून बघितलं, नळीच सुटून इराण्याच्या फरशीवर पडली. सोंडेवरच्या दोन पोचांपैकी पहिला तो. तेव्हा बाबा म्हणाले म्हणे, "हात नाही पोचत तर ओठाने जा." ओठ आवळायचे, सैल सोडायचे, आणि लांबच्या घरचा सूर जवळच्या घरात बोलवायचा.

ही गोष्ट मला कैक वर्षं नानांची फुशारकी वाटायची. मग एकदा जॅक टीगार्डनविषयी वाचलं. हा ट्रॉम्बोनवाल्यांतला दादा माणूस, १९०५ साली टेक्सासमधल्या व्हर्नन गावी जन्मला. तोही कापसाचाच मुलूख. सातव्या वर्षी सोंड हातात आली, आणि पोराचे हात आखूड! बाहेरची घरं गाठता येईनात म्हणून तो जवळच्या घरांतच ओठांनी सूर काढायला शिकला, आणि हात लांब झाल्यावरही ती खोड सोडली नाही. त्याचं वाजवणं इतकं आळसावलेलं, सहज वाटतं, ते त्यामुळंच. सोंडेचा पुढचा कर्णा काढून तिथं पाण्याचा ग्लास धरून वाजवायचाही त्याचा एक नाद होता. पुढं चार वर्षं तो खुद्द आर्मस्ट्राँगच्या ताफ्यात होता. १९५८ मध्ये अमेरिकन सरकारनं त्याला आशियाच्या दौऱ्यावर धाडलं, तेव्हा हिंदुस्थानातही येऊन गेला. त्या साली नाना वडगावात कुळव हाकत होते.

कारण १९५४ की ५५ ला पणजोबा गेल्याची तार आली, आणि नाना परत आले ते कायमचेच. बरोबर एक वळकटी आणि चोरबाजारातून घेतलेली सोंड. दुसरा पोचा गाडीतल्या गर्दीचा. इराण्याच्या सवयीही आल्या. चहात भाकरी बुडवून खायचे आणि तिला ब्रून म्हणायचे. कडक भाकरी असली की खूश. "माई, आज ब्रून झकास झालाय बग." माई म्हणजे त्यांची बायको, तिला हा भाकरीचा अपमान वाटे. ती येसराची आमटी अशी करायची की कुणी चहाचं नावही काढू नये, पण नाना आमटी संपवून वर चहा-भाकरी मागत.

घरात खरं वादळ झालं ते वाजवण्यावरून. आमच्याकडं हलगी आणि सनई पिढ्यानपिढ्या मांगवाड्यातली. लग्नात त्यांच्याशिवाय नवरदेव पाऊल उचलत नसे, आणि पंगतीला मात्र ती माणसं मांडवाबाहेर, पत्रावळ हातात घेऊन. पुढं त्यांच्यातल्याच पाचसहा जणांनी कॉर्नेट, क्लॅरोनेट, साइड ड्रम जमवून बँड काढला. नाना सोंड घेऊन त्यांच्यात सामील झाले. पाटलाच्या बरोबरीनं बसणारं घर आणि हा माणूस लाल कोट घालून वरातीत फुंकतोय! भावकीनं वर्षभर बोलणं टाकलं. आजोबांनी तोंडावर कधी विरोध केला नाही, पण वरात आली की ते शेतात जायचे. नाना मात्र बँडवाल्यांबरोबरच मांडवाबाहेर जेवत. यजमान ओशाळून "नाना, तुमी आत चला" म्हणायचे, तर हे म्हणायचे, "आत बुंदी गार असती."

पंचक्रोशीला त्या सोंडेचं फार कौतुक. सनईचा सूर लोकांना ठाऊक, कॉर्नेटचाही. पण हा सूर घसरायचा. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना मधल्या वाटेनं लोळत जायचा. म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, सोंड रडती. पोरं म्हणायची, हसती. नवरी पाठवणीला निघाली की नाना एक तुकडा वाजवत. कुठलं गाणं ते कुणाला ओळखू यायचं नाही. बाबांचा, एवढंच सांगत. मी शिकून सवरून बऱ्याच तबकड्या, कॅसेटी धुंडाळल्या. त्या तुकड्याच्या जवळपास जाणारं ऐकलं, तंतोतंत तेच काही ऐकलं नाही.

आणि तिच्या तेलपाण्याची भानगड. नळी सरकायला वंगण लागतं. वडगावात आल्यावर नानांनी करडीचं तेल लावून पाहिलं. धुळीनं त्याचा असा चिकट लगदा झाला की एका वरातीत नळी तिसऱ्या घरातच अडकली आणि सगळं लग्न एका सुरात लागलं. मुंबईत बाबा काय लावायचे ते मग आठवलं: तोंडाला लावायचं क्रीम. पाँड्सची ती पांढरी बरणी. बोटभर क्रीम नळीला चोळायचं, वर पाण्याचे शिंतोडे. तेव्हापासून नाना केजच्या बाजारातून चोरून पाँड्स आणायला लागले. गडी माणूस, शेतकरी, आणि दर दोन-तीन महिन्यांनी बायकांचं क्रीम! माईनं पहिली बरणी कोटाच्या खिशात धरली तेव्हा घरात काय झालं, ते मोठ्या माणसांनी आम्हाला कधी पुरतं सांगितलं नाही. तीन दिवस चूल आजीनं सांभाळली, एवढं कळलं. चौथ्या दिवशी नानांनी सोंड परसात नेऊन माईच्या डोळ्यांसमोर तिला क्रीम फासलं. तरी माईचा संशय गेला नाही. "पितळंला कुनी क्रीम लावतंय व्हय?" हे तिचं पालुपद मी तीस वर्षं ऐकलं. रिकाम्या बरण्या मात्र ती टाकत नसे. एकीत कुंकू, एकीत मोहरी, एकीत सुया.

बहात्तरच्या दुष्काळात लग्नं बिनबाजाची झाली. नाना खडी फोडायला जात. रेशनला अमेरिकेची लाल मिलो यायची, तिची भाकरी दातांखाली कचकच करायची. "अमेरिकेकडून दोनच गोष्टी आल्या," नाना म्हणायचे, "बाबाचं वाजवणं आन् ही मिलो. एक ग्वाड, एक मातेरं." सोंड त्या वर्षी खुंटीवरून हलली नाही. लाल कोटाची अस्तरं काढून माईनं लेकरांना चड्ड्या शिवल्या. मलाही एक आली होती.

त्याच्या पुढच्या की पुढच्याच्या पुढच्या चैत्रात आम्ही येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला बैलगाडीनं गेलो. यात्रेत तंबूचा सिनेमा. एकीकडं बायका, एकीकडं गडी, मधे पडदा बांधायचे तसा दोर. 'अलबेला' लागला होता, १९५१ चा, वीस-बावीस वर्षांचा म्हातारा सिनेमा. गिरणी कामगाराचा पोरगा भगवान पालव त्याचा नायक, आणि संगीत पुणतांबेकरांचं. नाना सगळा वेळ मांडी ठोकत बसले होते. मग एक नाचगाणं आलं. पडद्यावर झालरी-झालरींचे सदरे घातलेला बँड. नाना एकदम उठून उभे राहिले. मागून ओरडा झाला, "ओ म्हातारबा, खाली बसा." नाना बसेनात. बोट पडद्याकडं, प्रोजेक्टरच्या उजेडात बोटाची सावली थेट नायकाच्या तोंडावर. "तो बघ! तो बघ चिक!" पडद्यावरचा सावळा माणूस ट्रम्पेट वाजवत होता, झालरी हलत होत्या. मला भगवानदादांचं नाचणं बघायचं होतं, म्हणून मी नानांचं धोतर ओढत होतो. आज त्या ओढण्याचं वाईट वाटतं. चिक चॉकलेट १९६७ मध्येच गेला होता, एक्कावन्न वर्षांचा. नानांना ते ठाऊक नसावं. परतताना ते बैलगाडीत कुणाला तरी सांगत होते, पुन्हा मुंबईला गेलो की गाठ घालून देतो.

मुंबईला ते पुन्हा कधी गेले नाहीत.

पुढं बँडच्या जागी लाउडस्पीकरच्या गाड्या आल्या. ताफ्यातला एक-एक गळत गेला. नानांचे पुढचे दात पडले. सोंडेला ओठ लागतात तसे दातही लागतात, हे तेव्हा समजलं. शेवटची पाचेक वर्षं ते सोंड नुसती पुसायचे, नळी आत-बाहेर करून कानाशी धरायचे आणि ठेवून द्यायचे.

नानांच्या तेराव्याला ताफ्यातले उरलेले तिघं आले. ढाळजेत पंगत बसली, ते तिघंही तिच्यातच बसले. भावकीतली दोन माणसं हात धुवायच्या निमित्तानं उठली ती परत आली नाहीत; माईनं त्यांची पानं उचलून टाकली आणि वाढत राहिली. जेवणं झाल्यावर तिनं स्वतः खुंटीवरची सोंड काढून क्लॅरोनेटवाल्यांच्या नातवाच्या हातात दिली. पोरगं कुठल्याशा शाळेच्या बँडात होतं. त्यानं नळी ओढून पाहिली. करकरली.

"आज्जी, ह्याला काय लावत व्हते वो?"

माई आत गेली. बराच वेळ आली नाही. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात पाँड्सची बरणी होती, झाकणावरचा कागद जसाच्या तसा. नानांनी वाजवणं सोडून पाच वर्षं झाली होती, आणि केजचा बाजार त्यानंतर माईच करत होती.